आरोग्य शिबिर भरवताय? आधी ‘पुढे काय’ ते ठरवा

गणपती जवळ आले की पुण्याच्या खडकी बाजारातल्या मंडळांचे आम्हाला फोन सुरू होतात. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या आधी आणि कुणा ना कुणा नेत्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यातही तेच. “एक शिबिर लावायचंय. बीपी-शुगर ठेवू, डोळे ठेवू, जमलं तर रक्तदान. परवानगी कुणाची लागते?” शिबिर उरकलं की आठवड्याभरात दुसऱ्या बाजूचे फोन येतात. “आईचा फोटो फ्लेक्सवर लावलाय, काढायला सांगता येईल का?” “आधार नंबर कशाला घेतला?” “रिपोर्ट फुकट दिला आणि त्यावर साडेतीन हजारांच्या गोळ्या गळ्यात मारल्या.”

भरवणाऱ्यांना आणि रांगेत उभं राहणाऱ्यांना पडणारे हे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण मूळ एकच आहे. फुकट आहे, भल्यासाठी आहे, मग विचारायचं काय, असा आपला सार्वत्रिक समज आहे. तो माझाही होता.

काही वर्षांपूर्वी आमच्याच कार्यकर्त्यांच्या गटाने भरवलेल्या शिबिरात एक भाजीवाल्या मावशी आल्या. गाडी शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. शुगर मोजणाऱ्या मुलाने स्ट्रिपवरचा आकडा बघितला आणि वही लिहिणाऱ्याला तिथूनच ओरडून सांगितला, “तीनशे ऐंशी!” रांग वळून बघायला लागली. ओळखीच्या एक जणी “अगं बाई!” म्हणाल्या. मावशींनी पदर सावरला, चिठ्ठी हातात न घेताच निघून गेल्या. संध्याकाळी आम्ही दोनशेच्या वर लोक तपासल्याचा फोटो टाकला. मावशींना शोधायला कुणी गेलं नाही. फोन नंबर वहीत होता, पण वही कुणाच्या घरी आहे हेच चार दिवस कळलं नाही.

ती चूक आमची होती आणि ती डॉक्टरकीतली नव्हती. माणसाला विचारणं, त्याचं झाकून ठेवणं आणि पुढची सोय करणं, या तीन साध्या गोष्टींत आम्ही नापास झालो होतो.

जबरदस्तीचा जुना धडा, अगदी आपल्या शेजारचा

खडकीला लागूनच गणेशखिंड रस्ता आहे. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या समितीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. माणसं उचलून छावण्यांत नेली, सामान जाळलं, बायकांची तपासणी चारचौघांत केली. हेतू साथ रोखण्याचाच होता. पण लोक रोगापेक्षा तपासणीला जास्त घाबरू लागले आणि आजारी माणसं लपवू लागले. 22 जून 1897 च्या रात्री याच रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलगा यशवंतबरोबर गावाबाहेर दवाखाना चालवत होत्या, रोग्यांना स्वतः उचलून आणत होत्या; 10 मार्च 1897 ला प्लेगनेच गेल्या. शहर एक, रोग एक. लोक एका दारातून पळत होते आणि दुसऱ्या दारात भरवशाने येत होते. तुमच्या मंडपाचं दार यातलं कुठलं, ते आधी ठरवा.

हद्द कुणाची?

खडकीत हा प्रश्न फुटाफुटावर बदलतो. बाजार आणि आसपासचा भाग खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. बोपोडी आणि औंध रोड पुणे महापालिकेचे. मुळा ओलांडून दापोडीत गेलात की पिंपरी-चिंचवड. आणि कारखान्यांच्या वसाहतींत आत शिरायलाच त्यांच्या प्रशासनाची परवानगी. म्हणून:

- जागा ज्यांच्या हद्दीत आहे त्यांच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.
- तुमच्या शिबिरात सापडलेले रुग्ण त्यांच्याच दवाखान्यात जाणार आहेत. कळवणं ही परवानगीपेक्षा त्या रुग्णांची आगाऊ ओळख असते.
- सुया, रक्ताचा कापूस यांची सोय आधी लावा. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. सुया आणि लॅन्सेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. कचराकुंडीत टाकलेली सुई सकाळी सफाई कामगाराच्या हातात घुसते.

‘पुढे काय’चं उत्तर नसेल तर शिबिर घेऊ नका

हे वाक्य मी मवाळ करून लिहिणार नाही. रोग शोधून माणसाला रस्त्यावर सोडून देणं हे न शोधण्यापेक्षा वाईट. त्याची झोप जाते आणि हाती काही लागत नाही. शिवाय पुढच्या वेळी खरा आरोग्य कर्मचारी दारात आला तरी तो दार लावून घेतो.

मंडपाची बयाणा रक्कम देण्याआधी एका कागदावर पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. ज्या तपासणीचा एक जरी रकाना रिकामा राहील, ती यादीतून काढून टाका.

- शुगर किंवा बीपी जास्त निघालेला माणूस सोमवारी सकाळी कुठे जाईल? दवाखान्याचं नाव, केस पेपरची खिडकी, ओपीडीची वेळ. खडकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कॅन्टोन्मेंट जनरल हॉस्पिटल आहे, औंधला जिल्हा रुग्णालय आहे, पलीकडे ससून आहे. तिथल्या माणसाशी आधी बोलून ठेवा.
- पैसे लागले तर? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. हे माहीत असलेला एक तरी कार्यकर्ता टेबलावर बसवा.
- लगेच धोका असेल तर? छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, अशा माणसाला रांगेत ठेवायचं नसतं. 108 ला फोन कोण करणार आणि गाडी मंडपापर्यंत कशी येणार? खडकी बाजारात संध्याकाळी रिक्षा शिरत नाही, रुग्णवाहिका कुठून शिरेल?
- पंधरा दिवसांनी विचारपूस कोण करणार? एका माणसाचं नाव लिहा. ‘सगळे मिळून’ असं लिहिलंत तर कुणीच करणार नाही. आमच्यात तेच झालं होतं.

एका आकड्यावर कुणाला रोगी ठरवू नका. बीपी मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. आपल्याकडे माणूस जिना चढून येतो, चहा घेतो, शेजारी ढोल-ताशाचा सराव चालू असतो आणि तिथे 150 आलं की ‘तुम्हाला बीपी आहे’ म्हणून मोकळे. शिबिरातली शुगर ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान उपाशीपोटीच्या तपासणीने, डॉक्टरांकडे. चिठ्ठीवर तेवढंच लिहा: ‘पुन्हा तपासून घ्या, इथे, या वेळेला.’

विचारून आणि समजेल असं

सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. टोकनबरोबर दिलेल्या बारीक अक्षरांच्या फॉर्मवर अंगठा उमटवून घेणं ही निव्वळ कागदाची भर. संमती म्हणजे चार वाक्यं, माणसाच्या भाषेत: काय तपासणार, कशासाठी, दुखेल का, ‘नको’ म्हटलं तर काय होईल. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही होणार नाही, नाश्ता तरीही मिळेल’ असंच असलं पाहिजे. नाश्त्याचं कुपन शुगर टोचल्यावरच द्यायचं, ही पद्धत बंद करा.

खडकी छावणीचं गाव. इथे घरात तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. फक्त मराठी फ्लेक्स लावून सगळ्यांना कळलं असं समजू नका. गल्लीतलीच एखादी शिकलेली मुलगी टेबलाजवळ बसवा, दुभाषी आयता मिळतो. पहिल्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र ज्या खडकीत आहे, तिथे तरी चाकाची खुर्ची आत येईल अशी जागा शोधायला हवी. आणि वेळ! रविवारी सकाळी दहाला कोण येतं? पेन्शनर आणि पदाधिकारी. धुणीभांडी करणाऱ्या बायका तेव्हा कामावर असतात, कंत्राटी कामगार शिफ्टवर. ज्यांना गरज आहे त्यांची वेळ त्यांनाच विचारा.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती हवी, मुख्याध्यापकांची सही तिची जागा घेऊ शकत नाही. 2009-10 मध्ये खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात वसतिगृहांच्या अधीक्षकांनी पालकांच्या जागी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. नुकसान लशीवरच्या विश्वासाचं झालं आणि ते अजून भरून निघालेलं नाही. लस चांगली, पद्धत वाईट.

लसीकरणाबद्दल आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 ला सांगितलं की कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. तेव्हा ‘लस घेतली नाही तर सोसायटीचं पाणी तोडू’ ही भाषा कार्यकर्त्याच्या तोंडी शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही. समजावत राहणं हेच काम, मग दहा फेऱ्या झाल्या तरी चालतील.

माणसाचा आकडा माणसाचा

2020 च्या मार्चमध्ये विलगीकरणातल्या लोकांच्या हातावर शिक्के मारले गेले, दारांवर कागद चिकटवले गेले. त्या कागदांवरून दूधवाल्याने दूध बंद केलं, कामवालीने येणं बंद केलं. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घरावर असे कागद लावता येणार नाहीत. तोवर बहुतेकांच्या दारावरचा कागद फाटलेला होता, पण ‘कोरोनावाले’ हे नाव चिकटलेलं होतं.

टीबीचं अजूनही तेच आहे. 2022 पासून निक्षय मित्र योजनेत कुणीही टीबीच्या रुग्णाला पोषण आहाराची टोपली देऊ शकतं. चांगली योजना. पण टोपली देतानाचा फोटो? एका बाजूला हसणारे पाच पदाधिकारी, मध्ये मास्क लावलेली पोरगी, खाली टोपलीवर मंडळाचं नाव. त्या मुलीचं लग्न व्हायचंय. मास्क असला तरी गल्ली तिला ओळखते. टोपली द्या, फोटो टोपलीचा काढा.

मंडपात हे नियम पाळा:

- आकडा ओरडायचा नाही. चिठ्ठीवर लिहून माणसाच्या हातात द्यायचा.
- तपासणीच्या टेबलापुढे पडदा किंवा निदान दोन पावलांचं अंतर.
- आधार नंबर, ओटीपी मागायचा नाही. ‘आभा’ हे डिजिटल आरोग्य ओळखपत्र ऐच्छिक आहे. त्याशिवाय बीपी मोजता येतं.
- वहीचा ताबा एका माणसाकडे. मोबाइलमध्ये किंवा एक्सेलमध्ये भरलेली यादी कुणाला, अगदी प्रायोजकालाही, द्यायची नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, ‘आम्ही काय कंपनी आहोत का’ हे उत्तर पुढे चालणार नाही.
- एचआयव्हीची तपासणी मंडपात नको. 2017 च्या कायद्याने समजून-उमजून दिलेली संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे. सरकारी समुपदेशन केंद्रात ती मोफत होते, माहितीसाठी 1097.

रक्तदान आणि हेल्मेट

पुण्यात रक्तदानाची शिबिरं हेल्मेट, डबा, कुकर, आता तर इयरफोन वाटून भरवली जातात. ‘प्रोत्साहन’ म्हणे. रक्त विकत घेता येत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची प्रथा 1998 पासून बंद आहे. भेटवस्तू मोठी झाली की ती किंमत होते, आणि किंमत असली की माणूस खोटं बोलतो. मागच्या महिन्यात दुसऱ्या मंडळात दिलेलं रक्त लपवतो, गेल्या वर्षीची कावीळ लपवतो. त्या लपवण्याची किंमत ससूनमध्ये पडलेला कुणी तिसराच मोजतो.

शिबिर फक्त परवानाधारक रक्तकेंद्राबरोबर घ्या. दात्याचं वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, दोन दानांत पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 120 दिवसांचं अंतर. प्रश्नावली खासगीत भरून घ्या. मित्रांच्या घोळक्यात ‘कधी असुरक्षित संबंध?’ या प्रश्नाला खरं उत्तर कोण देईल? ज्याला परत पाठवलं त्याला कारण चारचौघांत विचारू नका. आणि ‘सर्वाधिक बाटल्या’चा चषक ठेवणाऱ्या मंडळांना माझा कोपरापासून नमस्कार.

फुकटाच्या आड दुकान

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या तीन ओळखून ठेवा.

संपूर्ण शरीर तपासणी, एका मिनिटात. हातात एक धातूची दांडी धरायला देतात, लॅपटॉपवर यकृतापासून गुडघ्यापर्यंतचा रंगीत अहवाल येतो. याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. अहवालाच्या शेवटी नेहमी एक डबी असते, ती विकायची असते.

टाचेवरून हाडांची तपासणी. यंत्र खरं आहे, पण ती प्राथमिक चाचणी. तिच्यावरून ‘हाडं झिजली’ असं सांगून तिथेच कॅल्शियमचं महिन्याचं पाकीट हाती देत असतील तर उठा.

मोफत सोनोग्राफी. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर असं फिरवता येत नाही. मंडपात यंत्र दिसलं तर आयोजक अडचणीत आहेत असं समजा.

प्रायोजक घेऊच नये असं मी म्हणत नाही, मंडपाचं भाडं कुणीतरी भरायला हवं. पण त्याच्याशी आधीच कागदावर ठरवा: मंडपात विक्री नाही, यादी मिळणार नाही, ‘फक्त आमच्याच लॅबमध्ये जा’ असं कुणी सांगणार नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन देणं-घेणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने मना केलंय. या तीन अटींवर जो प्रायोजक मागे हटेल, तो कशासाठी आला होता ते कळलंच.

भीती आणि टिंगल

गुटखा खाणाऱ्याला सडलेल्या जबड्याचे फोटो दाखवले की तो सुटतो, असं पथनाट्यवाल्यांना वाटतं. तसं चित्र तो रोज पुडीवर बघतोच. दारुड्याची नक्कल करून हशा मिळवाल. समोर बसलेल्या त्याच्या मुलाकडे तेव्हा एकदा बघा. त्यापेक्षा सोडायची वाट सांगा: तंबाखूसाठी मोफत क्रमांक 1800-11-2356, मानसिक त्रासासाठी 14416.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा व्हॉट्सॲपवर चिकन आणि पनीरवर फतवे निघाले. तेव्हा उपयोगी पडला तो साधा निरोप: पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा, हातापायांत अचानक अशक्तपणा वाटला तर थांबू नका. खात्री नसलेलं पुढे ढकलू नका आणि खात्री असलेलं घाबरवून सांगू नका.

तुम्ही रांगेत असाल तर

- कुठल्याही तपासणीला ‘नको’ म्हणता येतं, अर्ध्यावरही.
- अहवालाची प्रत मागा. ती तुमची आहे. रुग्णालयात नोंदी मागितल्यावर 72 तासांत द्याव्या लागतात.
- ‘आजच ठरवा, उद्या सवलत नाही’ असं कुणी म्हणालं की घरी जा. रोग एका दिवसात सवलत संपवत नाही.
- तुमचा फोटो परवानगीशिवाय वापरला असेल तर आयोजकांना लेखी कळवा, काढण्याची तारीख मागा.
- स्त्रियांनी तपासणीच्या वेळी शेजारी दुसरी स्त्री असावी असा आग्रह धरावा, संकोच करू नये.
- टोचण्याआधी नवीन लॅन्सेटचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.

तक्रार कुठे?

आधी आयोजकांकडे, लेखी. मग हद्दीप्रमाणे: कॅन्टोन्मेंट बोर्डाचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा महापालिकेचे आरोग्य प्रमुख. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. औषधांबद्दल आणि ‘मधुमेह मुळापासून’ छापाच्या जाहिरातींबद्दल अन्न व औषध प्रशासन. जादुई उपचारांच्या जाहिरातींवर 1954 पासून कायदा आहे. पैसे गेले असतील तर ग्राहक आयोग. पावती, फ्लेक्सचा फोटो आणि तारीख एवढं जपून ठेवलंत तर अर्ज एका पानाचा होतो.

यंदाच्या शिबिरासाठी वही आणाल तेव्हा पहिलं पान कोरं सोडा. त्यावर पंधरा दिवसांनी फोन करणाऱ्या कार्यकर्त्याचं नाव लिहा, आणि मगच मंडपवाल्याला फोन करा.